सोंगक्रानच्या गर्दीतून घराकडे



थायलंडच्या आमच्या 57 दिवसांच्या मुक्कामावर या सदरातून बरेच लिहून झाले. अयुथ्याचे पडके स्तूप झाले, सुखोथाईच्या बुद्धमूर्ती झाल्या, चियांग माईच्या डोंगरावरचा विहार झाला. त्यावर एका भगिनीने पत्रात विचारले, "काका, विहारांचे सांगितलेत, पण तिथली कष्टकरी माणसे कशी राहतात? आपल्यासारखीच राबतात का?" प्रश्न रास्त आहे. मला त्याचे उत्तर मिळाले ते शेवटच्या आठवड्यात, आणि तेही अशा गोंगाटात की शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे बोलणे ऐकू येत नव्हते. म्हणून प्रवासाच्या या शेवटच्या लेखात विहार कमी आणि गर्दी जास्त आहे.

आमचे परतीचे तिकीट 2025 सालच्या 14 एप्रिलचे होते. तारीख वाचून तुम्ही म्हणाल, जयंतीच्या दिवशी कोणी प्रवास करते का? पण मुलाने तिकीट काढले तेव्हा त्या आठवड्यात आमच्या खिशाला झेपेल असे भाडे त्या एकाच दिवशी होते. कारण उघड आहे. 13, 14 आणि 15 एप्रिल हे तिथले सोंगक्रानचे दिवस. सणाच्या ऐन मध्यावर कोण देश सोडून जाईल? विमान रिकामे जाण्यापेक्षा तिकीट स्वस्त दिलेले बरे, असा तो हिशोब.

सोंगक्रान हा आपल्या 'संक्रांत' या शब्दाचाच भाऊ. हे थाई लोकांचे जुने नववर्ष. सरकारी वर्ष 1941 पासून 1 जानेवारीला सुरू होते, पण माणसांच्या मनातले नवे वर्ष एप्रिलमधलेच राहिले. कॅलेंडरवर मात्र बुद्धवर्ष चालते. 2025 साली तिथे 2568 चालू होते. माझे सारे आयुष्य तिकिटे फाडण्यात गेले. त्यामुळे बसच्या तिकिटावर तथागतांच्या नावाचे वर्ष छापलेले पाहिले तेव्हा मी ते तिकीट फेकले नाही, डायरीत ठेवले. ते अजून आहे.

या सणाची एक कथा सांगतात. कबिल नावाचा ब्रह्मदेव होता. एका हुशार पोराची परीक्षा घ्यायला तो खाली आला आणि म्हणाला, माणसाचे तेज सकाळी कुठे असते, दुपारी कुठे असते, संध्याकाळी कुठे असते ते सांग. सांगितलेस तर माझे डोके तुला, नाही तर तुझे डोके मला. पोराला सहा दिवस काही सुचेना. सातव्या दिवशी मरायचे म्हणून ते झाडाखाली जाऊन पडले. वर गरुडाचे जोडपे बोलत होते. पोराला पाखरांची भाषा येत होती. गरुड बायकोला सांगत होता, तेज सकाळी तोंडावर असते म्हणून माणसे तोंड धुतात, दुपारी छातीवर असते म्हणून तिथे अत्तर-पाणी लावतात, संध्याकाळी पायांत असते म्हणून पाय धुतात. पोराने तेच उत्तर दिले आणि ब्रह्मदेव पैज हरला. मात्र त्याचे डोके जमिनीवर ठेवले तर आग लागेल, हवेत फेकले तर पाऊस आटेल, समुद्रात टाकले तर समुद्र सुकेल. म्हणून त्याच्या सात मुली पाळीपाळीने दरवर्षी ते तबकात घेऊन मिरवतात, तो दिवस सोंगक्रान.

ही बुद्धवचनातली गोष्ट नव्हे, लोककथा आहे. यंदा कोणत्या मुलीची पाळी, त्यावरून पाऊसपाणी कसे होईल, असे भविष्यही तिथे सांगतात. ते आपण सोडून द्यावे. पण ब्रह्मदेव हरला आणि साधे पोर जिंकले, हे ऐकून आमची ही जी हसली ती विहाराच्या पायरीवर बसून हसतच राहिली.

कथेपेक्षा प्रथा मला अधिक भावल्या. 13 एप्रिल हा तिथे वृद्धांचा दिवस आणि 14 एप्रिल कुटुंबाचा. सकाळी विहारात जाऊन बुद्धमूर्तीवर सुवासिक पाणी घालतात. बँकॉकच्या सनाम लुआंग मैदानावर 'फ्रा फुत्थ सिहिंग' ही मानाची मूर्ती दर्शनाला आणतात, तिथे रांग लागते. मग घरातले लहान लोक आजी-आजोबांच्या ओंजळीवर मोगऱ्याचे पाणी हळूच ओततात आणि वर्षभरात काही चुकले-माकले असेल तर क्षमा मागतात. म्हातारी माणसे ओला हात पोरांच्या डोक्यावर ठेवतात. आणखी एक प्रथा वाळूची. वर्षभर विहारात येता-जाता आपल्या पायांना लागून तिथली माती बाहेर जाते, ती परत केली पाहिजे. म्हणून माणसे वाळू आणतात आणि आवारात वाळूचे लहान लहान स्तूप रचून त्यांवर कागदी पताका लावतात. वाट पोच्या आवारात आम्ही असे स्तूप पाहिले. ('वाट' म्हणजे तिकडे विहार. "वाट कुठे आहे?" असे विचारले की आपल्याला आपलेच हसू येते.) सोंगक्रानला 2023 साली युनेस्कोने जगाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले, ते या गोष्टींसाठी असावे असे मी धरून चालतो.

कारण रस्त्यावर जे चालते ते वेगळेच.

आमची भाड्याची खोली थेवेत भागातल्या एका गल्लीत होती. तिथून खाओ सान हा परदेशी पाहुण्यांचा रस्ता चालत गाठता येतो. 12 तारखेच्या संध्याकाळपासूनच तिकडचा ढोल आमच्या छपरावर येऊन आदळू लागला. हातात प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बंदुका, गळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत अडकवलेला मोबाईल, गालाला पांढरी माती फासलेली, अशी हजारो माणसे. टेम्पोच्या मागे पाण्याचे पिंप ठेवलेले, त्यात बर्फाच्या लाद्या. एप्रिलचे ऊन इतके कडक की पहिला तांब्या अंगावर पडला की बरे वाटते. पण दहावा पडला की राग येतो, आणि तो बर्फाच्या पाण्याचा असला तर श्वास अडकतो. गल्लीतली जेवणाची दुकाने बंद. चार दिवस आम्ही चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातला डब्यातला भात गरम करून खाल्ला.

यातून वाचण्याचा मार्ग आम्हाला लवकरच सापडला. माझ्या मेहुण्याचा मुलगा तिथे विद्यापीठात पाली शिकतो. तो भिक्खू आहे. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून त्याने चैत्यभूमीची गर्दी पाहिलेली, आता वंदन आम्ही त्याला करतो. तिथे स्त्रिया भिक्खूंच्या हातात थेट वस्तू देत नाहीत. भिक्खू कापड पसरतात, त्यावर ठेवायची. त्याची आत्या असून हिला ते पाळावे लागले. पहिले दोन दिवस तिचे डोळे भरून यायचे, मग सवय झाली. तर सांगायचे म्हणजे, भिक्खूंवर कोणी पाणी उडवत नाही. आम्ही दोघे भन्तेंच्या मागे अगदी चिकटून चालायचो. चीवर दिसले की बंदुका खाली आणि हात जोडलेले. भन्ते पुढे गेले आणि आम्ही चार पावले मागे राहिलो की बंदुका परत वर! ही म्हणाली, "बुद्धं सरणं गच्छामिचा एवढा रोकडा अनुभव मला आजवर आला नव्हता."

आता गल्लीतल्या पाची गोष्ट. थाई भाषेत 'पा' म्हणजे मोठी मावशी. सगळी गल्ली तिला पा म्हणते, म्हणून आम्हीही. वय पन्नाशीच्या पुढचे. पहाटे पाचला गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून ती तांदळाची घट्ट पेज विकते. हिची आणि तिची मैत्री कोणत्या भाषेत झाली ते मला कळलेले नाही. पण 28 मार्चला दुपारी म्यानमारमधल्या मोठ्या भूकंपाने बँकॉक हलले, आमच्या खोलीतला पंखा झुल्यासारखा झुलू लागला आणि सारी गल्ली रस्त्यावर धावली, तेव्हा पाने हिचा हात जो धरला तो अर्धा तास सोडला नाही. त्या दिवसापासून पेजेचे पैसे द्यायचे म्हणजे भांडण.

पा मूळची इसानची. इसान म्हणजे थायलंडचा ईशान्य भाग. तिथली जमीन कोरडी, शेती पावसावर, म्हणून माणसे पोटासाठी बँकॉकला येतात. टॅक्सी चालवणारे, इमारती बांधणारे, घरकाम करणाऱ्या, गाड्यांवर खाणे विकणाऱ्या, यांना गाव विचारा, निम्म्या वेळा उत्तर इसानमधलेच येते. आपल्याकडे मराठवाड्याचे नि खानदेशाचे नाव घ्यावे तसे. पाचा जिल्हा रोई एत, बँकॉकपासून सुमारे पाचशे किलोमीटर. गावी तिची म्हातारी आई. पाची मुलगी रायोंगच्या कारखान्यात कामाला आणि मुलीची सहा वर्षांची पोर गावी पणजीजवळ. एकाच घरच्या चार पिढ्या तीन गावांत. अशी घरे इसानमध्ये फार आहेत. आई-बाप शहरात, लेकरे आजी-पणजीच्या पदराखाली. वर्षातून ही सगळी एकत्र येतात ती सोंगक्रानला.

11 एप्रिल, शुक्रवार. पाला मो चितच्या बसस्थानकावर पोहोचवायला भन्ते आणि मी गेलो, कारण तिच्याकडे पाच नग होते. धुण्याच्या पावडरीचे पाकीट, बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आईसाठी पातळ चादर, नातीसाठी सायकलचे हेल्मेट आणि एक टेबलफॅन. टॅक्सी मिळता मिळेना, कारण टॅक्सीवालेच गावी निघालेले. मिळाली ती चतुचकच्या बाजूने गेली. बसस्थानकाच्या अलीकडे रात्रीच्या अंधारात दिव्यांचा लखलखाट होता आणि मोठमोठ्या क्रेन हलत होत्या. भूकंपात कोसळलेली ती सरकारी लेखा-परीक्षण कार्यालयाची उंच इमारत. बांधकाम चालू असतानाच पत्त्याच्या बंगल्यासारखी खाली आली. इतर इमारती उभ्या, हीच पडली. आत ऐंशीहून अधिक माणसे गेली, त्यांतले बहुतेक मजूर, थायलंडचे आणि म्यानमारचे. पुढे चौकशी झाली, अटकाही झाल्या. त्या रात्री मात्र ढिगारा उपसणे चालूच होते. साऱ्या देशाला सुट्टी, त्या यंत्रांना नव्हती, आणि बाहेर आपल्या माणसाची वाट पाहत बसलेल्यांना गावी जायचे नव्हते. पाने टॅक्सीची काच खाली केली आणि दिव्यांच्या दिशेने हात जोडले. त्यानंतर स्थानक येईपर्यंत ती काही बोलली नाही.

मो चितचे स्थानक पाहिले आणि मला घरी आल्यासारखे वाटले! 31 वर्षे मी कंडक्टरची नोकरी केली. गणपतीला कोकणात जाणारा चाकरमानी, दिवाळीला माहेरी जाणारी लेक, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला निघालेली वस्तीच्या वस्ती, हे सगळे माझ्या दरवाजातून आत चढले आहे. इथे भाषा वेगळी, एवढाच फरक. फरशीवर वर्तमानपत्रे अंथरून निजलेली कुटुंबे. दोरीने बांधलेली खोकी. बापाच्या खांद्यावर झोपलेले पोर. जादा गाड्या लागलेल्या, तरी माणसे उरलेलीच. एका कोपऱ्यात चालकांच्या तोंडाला नळी लावून दारूची तपासणी चालू होती. ते पाहून मला फार बरे वाटले. मी पाच्या गाडीचे टायर पाहून घेतले. चालकाचे डोळेही पाहिले. तीन दिवस न झोपलेला चालक मला दुरून ओळखता येतो. हा माणूस ताजातवाना होता. मी भन्तेंना म्हणालो, "गाडी चांगली आहे, बसू द्या." भन्तेंनी ते पाला थाईत सांगितले. तिने मला असा नमस्कार केला, जणू गाडी मीच चालवणार आहे.

आठची गाडी पावणेअकराला सुटली. एकही प्रवासी ओरडला नाही.

मी एवढ्या काळजीने टायर का पाहिले, ते सांगतो. सोंगक्रानच्या सुट्टीच्या सात दिवसांना तिथले लोक 'सात धोक्याचे दिवस' म्हणतात. सरकार रोजच्या अपघातांचे आकडे जाहीर करते. 2025 साली 11 ते 17 एप्रिल या आठवड्यात तिथल्या रस्त्यांवर अडीचशेच्या वर माणसे गेली. असे दरवर्षी होते, कधी थोडी कमी, कधी थोडी जास्त. बहुतेक अपघात दुचाकींचे, आणि प्रमुख कारणे म्हणजे दारू आणि वेग. सण गावी असतो, गाव रस्त्याच्या टोकाला असते आणि रस्त्यावर सगळे एकाच वेळी उतरतात. त्यातून उन्हाने तापलेले, नाचून दमलेले, प्यालेले तरुण. पावसाचा थेंब नसताना रस्ते पाण्याने निसरडे.

दुसरी गोष्ट स्त्रियांची. पाणी उडवायच्या निमित्ताने अंगाला हात लावणारे तिथेही आहेत. आपल्या माता-भगिनींना हे वेगळे सांगायला नको. 2018 साली सरकारी अधिकाऱ्यांनी स्त्रियांनाच सांगितले की सोंगक्रानमध्ये अंगभर कपडे घालून या. तेव्हा सिंडी बिशप या तिथल्या प्रसिद्ध मॉडेलने उघडपणे उलट प्रश्न केला की आम्ही काय घालावे ते सांगू नका, पुरुषांना हात आवरायला सांगा. तिच्यामागे पुष्कळ स्त्रिया उभ्या राहिल्या, आणि तिने स्त्रियांवर अत्याचार झाले त्या वेळच्या कपड्यांचे प्रदर्शनही भरवले. त्यात साधे, अंगभर कपडेही होते. ही हकिगत ऐकून आमची ही म्हणाली, "तिचा पत्ता मिळाला तर मी तिला जयभीम लिहून पाठवीन." पत्ता मिळाला नाही.

14 एप्रिल उजाडला. मनात रुखरुख होतीच. वस्तीत पहाटेपासून पंचशील ध्वज लागले असतील, लहान मुले पांढऱ्या कपड्यांत तयार असतील, आणि आम्ही इथे बॅगा भरतोय. पण भन्तेंनी आदल्या रात्रीच निरोप दिला होता. सकाळी सात वाजता एका विहारातल्या लहानशा खोलीत महाराष्ट्रातले सहा-सात विद्यार्थी जमले. बहुतेक भिक्खू, दोघे उपासक. टेबलावर बाबासाहेबांचा फोटो, त्याला मोगऱ्याचा हार. त्रिसरण, पंचशील झाले. मराठी उच्चारातले पाली शब्द कानावर पडले आणि दोन महिन्यांनी आपल्या गल्लीत आल्यासारखे झाले. परभणीकडच्या एका तरुणाने तांदळाची खीर केली होती. नारळाच्या दुधातली, कारण तिथे ते स्वस्त.

मग त्या दोघा उपासकांनी आम्हाला खुर्च्यांवर बसवले. आम्ही विचारतोय, हे काय? त्यांनी एक वाडगा आणला, पाण्यात मोगऱ्याच्या कळ्या. थाई रीतीने आमच्या ओंजळींवर ते पाणी ओतू लागले. एक म्हणाला, "काकू, माझी आई हिंगोलीला आहे. चार वर्षे झाली." पुढे त्याला बोलता येईना. हिने ओला हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. बाहेरच्या रस्त्यावर तोवर पिंपे भरायला सुरुवात झाली होती.

निघण्याची वेळ दुपारची. रस्ते सणासाठी अडवलेले, टॅक्सी नाही, बस पाण्यातून रांगत जाणार. भन्तेंनी जलमार्ग काढला. आम्ही दोन्ही बॅगा कचऱ्याच्या काळ्या मोठ्या पिशव्यांत गुंडाळल्या, दोरी बांधली. मो चितवरच्या खोक्यांची आठवण आली. एका बॅगेत पुस्तके होती, म्हणून मी ती सोडायला तयार नव्हतो. बाबासाहेब 1917 साली लंडनहून परतले तेव्हा त्यांची पुस्तके वेगळ्या बोटीने निघाली होती. युद्ध चालू होते. ती बोट पाणबुडीने बुडवली आणि पुस्तके समुद्रात गेली. ते वाचल्यापासून पुस्तके नजरेआड करून मी प्रवास करत नाही. ही म्हणते, त्यांची पुस्तके आणि तुमची पुस्तके यांत काही फरक आहे की नाही! असो.

थेवेतच्या धक्क्यावरून चाओ फ्राया नदीतली नारिंगी बावट्याची बोट. तिकीट 16 बाट, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने साधारण 40 रुपये. बोटीत मागच्या बाजूला भिक्खूंसाठी जागा राखलेली असते. आम्ही आमच्या सवयीने तिथेच चिकटून उभे राहिलो. डाव्या हाताला राजवाड्याची शिखरे, उजव्या हाताला वाट अरुणचा उंच मनोरा मागे गेला. पाण्यावर वारा होता आणि तेवढा अर्धा तास कोणाचा स्पीकर नव्हता. मग साफान ताकसिनला उतरून उंचावरची आगगाडी. साला देंग स्थानक आले आणि दार उघडले. खाली सीलोमचा रस्ता, त्यावर इंचभरही जमीन दिसत नव्हती. नुसती डोकी आणि पाण्याचे फवारे. डब्यात निथळणारी तरुण पोरे चढली. हसत होती, थरथरत होती. एकाने आमच्या पांढऱ्या केसांकडे पाहिले, बंदुकीचे तोंड स्वतःच्या पोटाकडे वळवले आणि कमरेत वाकून बाजूला झाला. त्या पोराला कोणी तरी चांगले वळण लावले आहे. सयामला गाडी बदलली, फाया थाईला पुन्हा बदलली, आणि 45 बाटांत विमानतळ.

विमानतळाचे नाव सुवर्णभूमी. 2006 साली तो सुरू झाला. आपल्या वाचकांना हे नाव नवे नाही. पाटलिपुत्राच्या तिसऱ्या संगीतीनंतर सम्राट अशोकाच्या काळात सोण आणि उत्तर हे दोन थेर धम्म सांगायला सुवर्णभूमीला गेले, असे महावंसात आहे. ती भूमी नेमकी कोणती यावर म्यानमार आणि थायलंड दोघेही हक्क सांगतात. आत गेल्यावर मात्र समोर येतो तो देव-दानवांच्या समुद्रमंथनाचा भलामोठा देखावा. मी सोण आणि उत्तर यांची मूर्ती शोधत बराच फिरलो. शेवटी हिने हाक मारली, "अहो, विमान सुटेल."

भन्ते दारापर्यंत आले होते. त्यांच्या आत्याला त्यांना जवळ घ्यायचे होते आणि घेता येत नव्हते. तिने पंचांग वंदन केले. त्यांनी आशीर्वादाची गाथा म्हटली. मग ते मराठीत म्हणाले, "आत्या, पोचलीस की फोन कर." हा आमचा लहानपणचा पोरगा बोलला, भन्ते नव्हे.

विमान साडेचार तासांचे. घड्याळ दीड तास मागे येते. रात्री दहाला मुंबईत उतरलो आणि साडेअकराच्या सुमारास विक्रोळीत वस्तीच्या तोंडाशी पोहोचलो तर मिरवणूक अजून हललेली नव्हती! ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर, खिडक्यांची तावदाने थरथरत होती. फोटो फुलांनी छान सजवला होता. नातवंडे धावत आली. मला आनंद झाला, खोटे कशाला बोलू? पण वाट काढत जाताना आमच्या शेजारच्या आजी दाराच्या आत कानात कापूस घालून, छातीवर हात ठेवून बसलेल्या दिसल्या. वय 86. बाबासाहेबांना पाहिलेले जे मोजके डोळे आता वस्तीत उरले आहेत, त्यांतले दोन त्यांचे. खाओ सानच्या आवाजाला नावे ठेवून आलेल्या मला इथे गप्प कसे बसता येईल? मी मंडळाच्या पोरांना बोलावले. पोरे आपलीच, ऐकणारी. आवाज खाली आला. पुढच्या वर्षी लेझीम आणि ढोलपथक ठेवायचे की पुन्हा ट्रक, यावर मंडळात अजून वाद चालू आहे. माझे मत सगळ्यांना माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही वाडग्यात पाणी आणि चार मोगऱ्याची फुले घेऊन आजींकडे गेली. आजींना वाटले, काही तरी औषध आहे. समजावून सांगितल्यावर त्यांनी हात पुढे केले. मग म्हणाल्या, "हे तिकडचे बौद्ध दरसाल करतात?" ही म्हणाली, "दरसाल. त्याच्यासाठी पाचशे किलोमीटर जातात." आजी म्हणाल्या, "माझा थोरला ठाण्याला आहे." एवढेच म्हणाल्या.

पाची काळजी मात्र मनात होतीच. ती 16 तारखेच्या रात्री परत निघणार होती, म्हणजे धोक्याच्या सात दिवसांतल्याच शेवटच्या दिवसांत. 17 ला काही नाही. आकडे वाढल्याचे वाचले. ही दिवसातून चार वेळा माझा मोबाईल बघायची. 18 तारखेला सकाळी भन्तेंनी फोटो पाठवला. गल्लीच्या तोंडाशी गाडी लागलेली, पातेल्यातून वाफ निघतेय, शेजारी गावाकडच्या तांदळाचे पोते. पा हसत नव्हती, गिऱ्हाइकाला पेज वाढत होती. खाली भन्तेंनी लिहिले होते, पा विचारते आहे, तुमच्या वाट्याचा तांदूळ आणला आहे, तो कोणाबरोबर पाठवू?